टॅब दाबूनही दुवा हाती लागत नाही: संकेतस्थळांवरचा वारंवार उद्भवणारा दोष आणि त्याची क्रमवार तपासणी

लहान संस्थांच्या संकेतस्थळांची देखभाल करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे. पतसंस्था, महाविद्यालये, सार्वजनिक वाचनालये, धर्मादाय न्यास अशांची ही संकेतस्थळे असतात. ती बनवणारे हात वेगळे असतात आणि त्यांची रूपेही वेगळी असतात, पण एक दोष मात्र त्यांच्यात जवळजवळ न चुकता सापडतो. माउसने जो दुवा एका टिचकीत उघडतो, तो कीबोर्डवरून एक तर सापडत नाही, सापडला तर दिसत नाही, आणि दिसला तर उघडत नाही. ऐकायला ही एकच तक्रार वाटते, परंतु तिच्यामागे निरनिराळी कारणे असतात, आणि नेमके कारण न ओळखता केलेली दुरुस्ती काही आठवड्यांत पुन्हा उघडी पडते.

लक्षणे

तक्रार करणारी व्यक्ती बहुधा "साइट चालत नाही" एवढेच सांगते. त्यामुळे खालीलपैकी नेमके काय घडते आहे, हे आधी स्वतः पाहून घ्यावे.

- टॅब कळ दाबत राहिले तरी पानावर कोठेच चौकट किंवा खूण उमटत नाही, आणि आपण कोणत्या दुव्यावर आहोत हे कळत नाही.
- मुख्य मेनूतील "आमच्याविषयी" किंवा "योजना" या शब्दांवर पोहोचता येते, पण त्यांच्याखालचा उपमेनू उघडत नाही.
- खूण एखाद्या दुव्यावर दिसते, मग आठ-दहा वेळा टॅब दाबेपर्यंत नाहीशी होते आणि पुढे भलत्याच ठिकाणी उगवते.
- काही दुवे टॅबच्या मार्गात येतच नाहीत. भाषा बदलण्याचा दुवा, अक्षरांचा आकार बदलण्याची चिन्हे आणि "अधिक वाचा" हे शब्द यांत नेहमी आढळतात.
- दुव्यावर पोहोचून एंटर दाबले तरी काहीच होत नाही.
- खूण वरून एकदम तळाला आणि तळावरून मध्यभागी अशी उड्या मारते.
- एखाद्या नकाशात, तारीख निवडण्याच्या चौकटीत किंवा पॉपअपमध्ये शिरल्यावर तेथून बाहेर पडता येत नाही.

ही लक्षणे किरकोळ वाटतात ती माउस हाती असणाऱ्यांना. कंपवात असलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला सांगितले होते की, माउसचा बाण त्यांच्या हातात ठरल्या जागी थांबत नाही, म्हणून ते सगळे काम कीबोर्डवर करतात. आणि तरीही एका संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना उघडण्यासाठी त्यांना शेजारच्या मुलाला बोलवावे लागले. सूचनेचा तो दुवा दुरुस्त करायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. अंध व्यक्ती, हाताला दुखापत झालेले, मनगटाच्या दुखण्यामुळे माउस सोडावा लागलेले, तोंडाने किंवा डोक्याने चालणारी उपकरणे वापरणारे, असे सगळे लोक शेवटी याच टॅब आणि एंटरच्या वाटेने पानावर फिरतात.

आधी स्वतःचा संगणक तपासावा

कोडला हात लावण्यापूर्वी दोष खरोखर पानाचाच आहे, याची खात्री करावी. मॅकवरील सफारी ब्राउझरमध्ये मुळातच टॅब कळ दुव्यांवर थांबत नाही. ती केवळ अर्जातील रकान्यांवर थांबते. सफारीच्या प्रगत सेटिंगमध्ये टॅबने पानावरील प्रत्येक घटक निवडण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा, किंवा तात्पुरते ऑप्शन आणि टॅब एकत्र दाबावे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे निर्दोष पानावर दोन दिवस घालवलेले डेव्हलपर मी पाहिले आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये एफ७ कळ चुकून दाबली गेली, तर मजकुरात कर्सर फिरवण्याची सोय सुरू होते आणि बाणांच्या कळा वेगळ्या वागू लागतात. ती बंद करावी.

त्यानंतर माउस उचलून खरोखर बाजूला ठेवावा. पान नव्याने उघडून पत्त्याच्या पट्टीत यावे आणि तेथून टॅब दाबत पानात शिरावे. मागे येण्यासाठी शिफ्ट आणि टॅब, दुवा उघडण्यासाठी एंटर, बटणासाठी एंटर किंवा स्पेस, आणि पॉपअप बंद करण्यासाठी एस्केप, एवढ्याच कळा लागतात. पहिल्या पानाच्या वरच्या टोकापासून तळटीपेपर्यंत एकदा जावे आणि एकदा परत यावे. परतीचा प्रवास टाळू नये, कारण काही अडकण्याच्या जागा उलट दिशेने जातानाच उघड होतात. जेथे अडले तेथे कागदावर टीप करावी. या चाचणीला पैसे लागत नाहीत आणि कोणतेही स्वयंचलित साधन तिची जागा घेऊ शकत नाही. पानाची आपोआप तपासणी करणारे लाइटहाउससारखे साधन शंभरपैकी शंभर गुण देते तेव्हाही, कीबोर्डने घटकांपर्यंत पोहोचता येते का, हे माणसाने स्वतः पाहावे अशी सूचना ते अहवालात वेगळी देते. ती ओळ मात्र फारसे कोणी वाचत नाही.

दुवा आहे, पण दिसत नाही

खूण दिसत नसेल तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवून टॅब दाबावे. क्रोममध्ये फोकस, म्हणजे कीबोर्डची सध्याची जागा, खऱ्या दुव्यावर आला की त्या दुव्याचा पत्ता कोपऱ्यात उमटतो. पत्ते बदलत असतील पण पानावर चौकट दिसत नसेल, तर दुवे शाबूत आहेत आणि त्यांची खूण कोणीतरी पुसली आहे, असे समजावे. हा सर्वांत स्वस्त दोष आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त आढळणाराही हाच.

कारण बहुधा सीएसएसमधली, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमधली, एकच ओळ असते: आउटलाइन या गुणधर्माची किंमत "नन" किंवा शून्य केलेली असते. या ओळीला इतिहास आहे. सीएसएसतज्ज्ञ एरिक मेयर यांच्या २००७ सालच्या सुप्रसिद्ध रीसेट फाइलमध्ये, म्हणजे ब्राउझरची मूळ शैली पुसणाऱ्या सीएसएस फाइलमध्ये, फोकसची चौकट काढून टाकलेली होती आणि शेजारीच, स्वतःची फोकसशैली लिहायला विसरू नका, अशी टीपही होती. लोकांनी फाइल उचलली, टीप मागे राहिली. मेयर यांनी २०११ च्या आवृत्तीतून तो नियम काढून टाकला, तरी जुन्या फाइलींच्या प्रती थीमांमधून, म्हणजे संकेतस्थळांच्या तयार साच्यांमधून, आजही फिरत आहेत. त्याच्या जोडीला, टिचकी मारल्यावर दुव्याभोवती उमटणारी चौकट ग्राहकाला नकोशी वाटते, म्हणूनही ती काढली जाते.

या दुसऱ्या हरकतीवर आज चांगला उपाय उपलब्ध आहे. "फोकस-व्हिजिबल" ही निवड वापरली, तर कीबोर्डने आल्यावर चौकट दिसते आणि माउसने टिचकी मारल्यावर सहसा दिसत नाही. मार्च २०२२ पासून, म्हणजे सफारीच्या १५.४ या आवृत्तीपासून, सर्व प्रमुख ब्राउझरांना ती समजते. आउटलाइन काढणारी ओळ शोधून हटवावी आणि तिच्या जागी फोकस-व्हिजिबलसाठी दोन किंवा तीन पिक्सेलची ठळक आउटलाइन आणि दोन पिक्सेलचे अंतर लिहावे. चौकटीचा रंग भोवतालच्या रंगापासून किमान ३:१ इतक्या तफावतीने उठून दिसला पाहिजे. हे प्रमाण डब्ल्यूसीएजी २.१ या, संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतले आहे. निळ्या पट्टीवर गडद निळी चौकट लिहून काम झाले असे मानू नये.

येथे मराठी पानांची एक खास अडचण सांगितली पाहिजे. अनेक डेव्हलपर चौकटीऐवजी केवळ अधोरेखनाने फोकस दाखवतात. देवनागरीत उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय ओळीखाली उतरतात, तेथे ही रेघ तुटते किंवा अक्षरात मिसळते, आणि "कृषी पुरस्कार" यासारख्या शब्दांखाली ती नीट ओळखूच येत नाही. ओळींची उंची लॅटिन लिपीच्या मापाने ठेवली असेल तर वरच्या वेलांट्या आणि रफारही चौकटीला घासतात. म्हणून मराठी मेनूसाठी चौकट आणि अंतर दोन्ही ठेवावेत आणि ओळींची उंची थोडी वाढवावी. चौकट एखाद्या बाजूने कापल्यासारखी दिसत असेल, तर बाहेरच्या डब्यावर "ओव्हरफ्लो हिडन" लावलेले असते. तेथे आउटलाइनचे अंतर ऋण करून ती आतल्या बाजूला घ्यावी. केवळ छाया, म्हणजे बॉक्स-शॅडो, वापरून फोकस दाखवू नये, कारण विंडोजच्या उच्च-तफावत रंगसंगतीत ब्राउझर ती छाया काढून टाकतो आणि ज्यांना खुणेची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच ती दिसत नाही.

दिसतो दुव्यासारखा, पण दुवा नाही

आता त्या दुव्यांकडे वळावे, ज्यांच्यावर टॅब थांबतच नाही. त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे, आणि तिला कोड वाचता येण्याची गरज नाही. संशयित शब्दावर माउसचे उजवे बटण दाबावे. नव्या टॅबमध्ये दुवा उघडण्याचा पर्याय यादीत दिसला तर तो खरा दुवा आहे. दिसला नाही, तर निळ्या रंगाचा आणि हाताच्या बाणाचा कितीही देखावा असला तरी ब्राउझरच्या दृष्टीने तो दुवा नाही.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही. ब्राउझर "ए" या टॅगला दुवा मानतो तो त्याच्यात एचरेफ हा पत्त्याचा गुणधर्म असेल तरच. एचरेफ असला की टॅबच्या मार्गात जागा मिळणे, एंटरने उघडणे, पत्ता कोपऱ्यात दिसणे, नव्या टॅबमध्ये उघडता येणे आणि स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाने, "दुवा" असे उच्चारणे, हे सगळे आपोआप मिळते. एचरेफ काढला की यातले काहीही उरत नाही. आणि डेव्हलपरने ए टॅगच न वापरता डिव्ह किंवा स्पॅन या साध्या टॅगवर ऑनक्लिक, म्हणजे टिचकी मारल्यावर काय करायचे ते, लिहिले असेल, तर ब्राउझरकडे त्या शब्दाविषयी कोणतीच माहिती नसते. त्याच्या लेखी तो परिच्छेदातल्या इतर शब्दांसारखा एक शब्द असतो, जो टिचकीला तेवढा प्रतिसाद देतो.

यावर अनेक जण एक अर्धवट उपाय करतात आणि तोच हा दोष पुन्हा पुन्हा परत आणतो. स्पॅनला टॅबइंडेक्स, म्हणजे टॅबचा थांबा ठरवणारा गुणधर्म, शून्य दिले जाते. आता टॅब त्यावर थांबतो, डेव्हलपरला वाटते काम झाले, पण एंटर दाबल्यावर काहीच होत नाही, कारण टॅबइंडेक्स केवळ थांबा देतो, वागणूक देत नाही. मग रोल या गुणधर्मात "लिंक" लिहिले जाते. त्यामुळे स्क्रीन रीडर त्याला दुवा म्हणू लागतो, आणि एंटर तरीही चालत नाही. म्हणजे आता वापरणाऱ्याला चुकीचे आश्वासन मिळते. मग एंटरसाठी जावास्क्रिप्ट लिहिली जाते, आणि तरीही नव्या टॅबमध्ये उघडणे किंवा पत्ता कॉपी करणे शक्य होत नाही. जे ब्राउझर फुकट देत होता, ते तीन ठिकाणी ठिगळे लावून अपुरे मिळवण्यात अर्थ नाही. डिव्ह किंवा स्पॅन काढावा, ए टॅग लिहावा, एचरेफमध्ये खरा पत्ता द्यावा. दिसण्यात फरक पडला तर तो सीएसएसने जुळवून घ्यावा.

एक भेद येथे पाळावा. पत्ता बदलत असेल, म्हणजे वापरणारा दुसऱ्या पानावर किंवा पानाच्या दुसऱ्या भागात जात असेल, तर दुवा वापरावा. त्याच पानावर काही घडत असेल, जसे अक्षरे मोठी करणे किंवा मेनू उघडणे, तर बटण वापरावे. हा भेद कळांतही आहे: बटण एंटर आणि स्पेस या दोन्हींनी चालते, तर दुव्यावर स्पेस दाबले की पान खाली सरकते. बटणाच्या जागी दुवा ठेवला, की स्पेस दाबणाऱ्याच्या हाताखालून पान निघून जाते. आपल्याकडच्या अनेक संकेतस्थळांवर सर्वांत वर असलेली अक्षरांचा आकार बदलण्याची तीन चिन्हे बहुधा स्पॅनचीच असतात. सुगम्यतेसाठी, म्हणजे दिव्यांगांनाही पान वापरता यावे म्हणून, ठेवलेली सोय कीबोर्डला अगम्य असते, हे पाहून मला दर वेळी वाईट वाटते.

स्क्रीन रीडरने तपासून समाधान मानणाऱ्यांसाठी एक इशारा आहे. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर वाचनाच्या अवस्थेत ऑनक्लिक असलेल्या स्पॅनवरही बाणांच्या कळांनी नेतो, "क्लिकेबल" असे सांगतो आणि एंटर दाबल्यावर स्वतः टिचकी पोहोचवतो. त्यामुळे एनव्हीडीए चालू असताना जो खोटा दुवा उघडतो, तो स्क्रीन रीडर न वापरणाऱ्या, सुरुवातीला सांगितलेल्या निवृत्त शिक्षकांना मात्र उघडत नाही. दोन्ही चाचण्या स्वतंत्रपणे कराव्यात.

माउस वर नेल्यावरच उघडणारे मेनू

उपमेनू उघडत नसेल, तर तो बहुधा केवळ हॉव्हरवर उघडेल असा लिहिलेला असतो. बंद असताना तो "डिस्प्ले नन" असल्यामुळे त्यातले दुवे टॅबच्या मार्गातच नसतात, आणि कीबोर्डकडे हॉव्हर नावाची क्रियाच नाही. जेथे हॉव्हरचा नियम आहे तेथेच "फोकस-विदिन" हा नियम जोडला, तर दुव्यावर फोकस येताच उपमेनू उघडतो. हा उपाय एका ओळीचा आहे आणि चार-पाच दुव्यांच्या मेनूला पुरतो. मात्र वापरणाऱ्याला पुढे जाण्यासाठी प्रत्येक उपमेनूतला प्रत्येक दुवा ओलांडावा लागतो, त्यामुळे पन्नास दुव्यांच्या मेनूवर तो शिक्षेसारखा होतो. अशा वेळी मुख्य शब्दाशेजारी उघडझापीचे खरे बटण ठेवावे, त्यावर एरिया-एक्सपांडेड या गुणधर्माने मेनू उघडा आहे की बंद हे सांगावे, आणि एस्केप दाबल्यावर मेनू बंद होऊन फोकस त्याच बटणावर परत येईल अशी व्यवस्था करावी. यासाठी थोडी जावास्क्रिप्ट लागते. ती लिहिता येत नसेल तर येथून पुढे डेव्हलपरची मदत घ्यावी, पण त्याला नेमके हेच वर्णन द्यावे.

फोकस नाहीसा होतो आणि पुढे उगवतो

हे लक्षण वरच्या दोषाच्या उलट आहे. येथे मेनू डोळ्यांना दिसत नाही, पण टॅबच्या मार्गात शिल्लक असतो. मोबाइलसाठी बनवलेला सरकता मेनू पडद्याच्या डावीकडे ढकलून ठेवलेला असतो किंवा त्याची अपारदर्शकता शून्य केलेली असते, आणि मोठ्या पडद्यावर टॅब दाबणारा माणूस त्या अदृश्य मेनूतले सर्व दुवे एकेक करून ओलांडत राहतो. फिरत्या चित्रांच्या पट्टीतही हेच घडते, कारण कडेला ढकललेल्या चित्रांवरचे दुवे जिवंतच राहतात. सरकत्या सूचनांच्या पट्टीत तर दुवा हाती लागेपर्यंत तो पडद्याबाहेर गेलेला असतो. ती पट्टी मुळात थांबवता आली पाहिजे, आणि माझे मत विचाराल तर तिच्या जागी पाच सूचनांची साधी यादी ठेवावी.

शोधण्यासाठी फायरफॉक्सच्या डेव्हलपर टूल्समधील सुगम्यता विभागात टॅबचा क्रम दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली की पानावरील प्रत्येक थांब्यावर क्रमांक उमटतो, आणि जेथे क्रमांक तुटतात तेथे लपलेले दुवे आहेत हे कळते. फोकस आत्ता कोणत्या घटकावर आहे हे विचारायचे असेल, तर त्याच टूल्समधील कन्सोलमध्ये "डॉक्युमेंट डॉट ॲक्टिव्हएलिमेंट" लिहावे. दुरुस्ती सोपी आहे: बंद असलेल्या मेनूला "व्हिजिबिलिटी हिडन" किंवा "डिस्प्ले नन" द्यावे, अथवा इनर्ट हा गुणधर्म लावावा. नुसते एरिया-हिडन लावू नये. त्याने घटक स्क्रीन रीडरपासून लपतो, पण टॅब त्यावर थांबतोच, आणि वापरणाऱ्याला एका निःशब्द जागी उभे राहावे लागते.

उड्या मारणारा क्रम आणि चिकटलेली वरची पट्टी

क्रम बिघडला असेल तर कोडमध्ये टॅबइंडेक्सच्या १, २, ३ अशा धन संख्या शोधाव्यात आणि सगळ्या काढाव्यात. धन संख्या असलेले घटक ब्राउझर आधी घेतो आणि उरलेले संपूर्ण पान नंतर, त्यामुळे एका अर्जासाठी कोणी लिहिलेला आकडा सगळ्या पानाचा क्रम उलटापालटा करतो. आकडे नसतील, तर सीएसएसने स्तंभांची दृश्य अदलाबदल केली आहे का ते पाहावे. टॅब कोडच्या क्रमाने चालतो, डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने नव्हे.

फोकस योग्य जागी असूनही झाकला जात असेल, तर पडद्याला चिकटून राहणारी वरची पट्टी किंवा तळाची कुकीसूचना दोषी असते. पट्टीच्या उंचीइतके "स्क्रोल-पॅडिंग-टॉप" पानाला दिले की बहुतेक ठिकाणी प्रश्न सुटतो. याच टप्प्यावर "मुख्य मजकुराकडे जा" हा पहिला दुवा आहे ना, हे पाहावे. चाळीस दुव्यांचा मेनू प्रत्येक पानावर ओलांडावा लागणे ही पानभर चालणाऱ्या माणसाची दमछाक आहे. तो दुवा नुसता असून भागत नाही. तो दाबल्यावर पुढचा टॅब खरोखर मजकुरातल्या पहिल्या दुव्यावर पडतो का, हेही तपासावे. पडत नसेल तर मजकुराच्या डब्याला टॅबइंडेक्स उणे एक द्यावे.

दोष परत का येतो

दुरुस्ती करण्यापूर्वी संकेतस्थळाची पूर्ण प्रत काढून ठेवावी, आणि वर्डप्रेस असेल तर मूळ थीमच्या फाइलींत बदल करू नयेत. पुढच्या अद्ययावतीकरणात त्या फाइली नव्याने लिहिल्या जातात आणि आपली दुरुस्ती त्यांच्याबरोबर जाते. एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर फोकसची चौकट मी तीनदा परत आणली होती, तेव्हा कुठे ही गोष्ट माझ्या लक्षात आली. सीएसएसचे बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या वेगळ्या उपथीममध्ये, किंवा अतिरिक्त सीएसएसच्या रकान्यात ठेवावेत. मजकूर भरणाऱ्या कर्मचाऱ्यांशीही बोलावे. दर आठवड्याला निविदा आणि परिपत्रके तेच चढवतात, आणि वीस ओळींत वीस वेळा "येथे क्लिक करा" लिहिले गेले, तर दुव्यांची यादी ऐकणाऱ्याला वीस सारखेच शब्द ऐकू येतात. परिपत्रकाचे नाव हाच दुवा करावा, हे त्यांना एकदा दाखवले की ते आनंदाने करतात.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

वरचे सर्व एखाद्या चिकाटीच्या संपादकाला किंवा नवशिक्या डेव्हलपरला जमते. पुढील परिस्थितीत मात्र स्वतः हात घालू नये.

पॉपअप, तारखेची चौकट किंवा नकाशा यांत फोकस अडकत असेल आणि एस्केप, टॅब, शिफ्ट-टॅब यांपैकी कशानेही सुटत नसेल, तर तो गंभीर दोष आहे. डब्ल्यूसीएजीच्या सर्वांत खालच्या, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीवरच त्याला मनाई आहे. घटक आयफ्रेममधून, म्हणजे दुसरीकडचे पान आत दाखवणाऱ्या चौकटीतून, आलेला असेल तर तुमच्या कोडमधून तो दुरुस्त होणार नाही. तो काढावा, त्याच्याऐवजी साधा दुवा द्यावा, किंवा पुरवठादाराला लेखी कळवावे. पैसे भरण्याच्या पानांवर तर कोणताही प्रयोग करू नये. संपूर्ण संकेतस्थळ जावास्क्रिप्टच्या चौकटीवर उभे असेल, दुवा उघडल्यावर पान बदलते पण फोकस जुन्याच जागी राहतो किंवा हरवतो, असे दिसत असेल, तर मार्गनियंत्रणाच्या, म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या, कोडमध्ये बदल करावा लागतो, आणि ते काम तो कोड जाणणाऱ्यानेच करावे. थीमचा मूळ कोड हाती नसून फक्त संकुचित केलेल्या फाइली असतील, तेव्हाही थांबावे.

कायद्याचे बंधन असलेल्या संस्थांनी तर सुरुवातीपासूनच व्यावसायिक लेखापरीक्षण करून घ्यावे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू आहे, सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल केवायसीसंबंधी दिलेल्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला, नियंत्रित संस्थांनी प्रमाणित तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने सुगम्यता लेखापरीक्षण करावे असे सांगितले आणि चाचणीत अंध व्यक्तींना सहभागी करून घेण्याचे निर्देश दिले. लेखापरीक्षक निवडताना त्यांच्या चमूत रोज केवळ कीबोर्ड किंवा स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती आहे का, हे आवर्जून विचारावे.

कोपऱ्यात माणसाचे चिन्ह असलेले तयार विजेट विकत घेतल्याने हा दोष जातो, असे सांगणारे विक्रेते भेटतील. वरून चढवलेल्या अशा थरावर मी दुरुस्तीची भिस्त ठेवत नाही. खोटा स्पॅन कोठे जाणार आहे, हे त्या विजेटला खात्रीने कळण्याचा मार्ग नाही, आणि पुष्कळदा ते स्वतःच टॅबच्या मार्गात आणखी एक अडथळा होते. तोच पैसा डेव्हलपरच्या दोन दिवसांच्या कामाला द्यावा, आणि त्याच्या हाती सुरुवातीला कागदावर केलेल्या टिपा ठेवाव्यात: कोणते पान, कितवा टॅब, कोणता ब्राउझर, काय अपेक्षित होते आणि काय घडले.